कोलंबस, इंडियाना: मराठी माहितीपत्रकाच्या कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

काम आजपासून सुरू. कोलंबसच्या डाउनटाउनचं मराठीतलं छापील पत्रक करायचंय, घडी घालून खिशात बसेल असं, मागच्या बाजूला पायी फिरायचा नकाशा. कोलंबस म्हणजे इंडियानातलं, हे पहिल्याच ओळीत ठळक टाकायचं, कारण पुण्याहून येणारी मंडळी निघायच्या आधी ओहायोतल्या मोठ्या कोलंबसचे फोटो बघून येतात आणि इथे उतरल्यावर विचारतात की उंच बिल्डिंगा कुठायत. हे गाव पन्नास हजार वस्तीचं, इंडियानापोलिसपासून दक्षिणेला गाडीने तासाभरावर, गावाबाहेर पडलं की मका आणि सोयाबीन.

कोणासाठी करायचं ते पक्कं आहे. दर उन्हाळ्यात इथल्या मराठी घरांमधून कुणाचे ना कुणाचे आईवडील, सासूसासरे येतात, तीन महिने, कधी सहा. मुलं-सुना दिवसभर ऑफिसात, स्वतःला इथली गाडी चालवता येत नाही, मग संध्याकाळी पार्कात एक चक्कर आणि परत घरात टीव्ही. आणि हे अशा गावात, जिथे आर्किटेक्चर शिकणारी मुलं कुठून कुठून मुद्दाम येतात! १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने इमारतींच्या डिझाईनसाठी शहरांची क्रमवारी लावली तेव्हा शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बॉस्टन, वॉशिंग्टन डीसी आणि सहावं हे एवढंसं कोलंबस. नावाजलेल्या आर्किटेक्टांच्या सत्तरहून जास्त इमारती या गावात आहेत. आपल्या आईबाबांनी त्या बाजूने रोज जायचं आणि काय आहे ते कुणी सांगायचं नाही, हे मला फार दिवस खटकत होतं.

आज एक नियम ठरवलाय आणि तो शेवटपर्यंत पाळायचाय. प्रत्येक ठिकाणाबद्दल आधी हे सांगायचं की इथे लोक काय करतात, आर्किटेक्टचं नाव नंतर. इंग्रजी पत्रकं नावापासून सुरू होतात, सारिनेन, पेई, वेंचुरी. माझ्या सासूबाईंना त्या नावांशी काही देणंघेणं नाही, पण फायर स्टेशनमध्ये ओले पाइप कुठे वाळवतात हे सांगितलं तर त्या नक्की ऐकतील.

सुरुवातीचं ठिकाण व्हिजिटर्स सेंटर, फिफ्थ स्ट्रीटवर. स्वच्छतागृह आहे, बसायला जागा आहे, आत जिन्यापाशी काचेचं काम करणारा कलाकार चिहुली याचं पिवळ्या काचेचं भलंमोठं झुंबर आहे. ज्येष्ठ मंडळींचा ग्रुप जमवायला याच्याहून सोयीचं ठिकाण नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आज जुना इतिहास लिहून काढला. हा भाग छोटाच ठेवणार, दोन परिच्छेद, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

गाव वसलं १८२१ मध्ये. जनरल जॉन टिप्टन याने जमीन दिली म्हणून आधी नाव ठेवलं टिप्टोना आणि थोड्याच दिवसांत, त्याच वर्षी मार्चमध्ये, नाव बदलून कोलंबस केलं. टिप्टन त्यावर रागावून गाव सोडून गेला असं इथे अजून सांगतात. जागा नदीकाठची, ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे ती व्हाइट नदीची पूर्वेकडची शाखा होते. १८४४ मध्ये रेल्वे आली, ओहायो नदीवरच्या मॅडिसन गावातून इंडियानापोलिसकडे जाणारी लाइन, इंडियाना राज्यातली पहिली. मग धान्य, गिरण्या, कातडी कमवायचे कारखाने. इथल्या एका गिरणीत मक्याचे पोहे निघायचे, सिरियालीन नावाने विकायचे, बाकी जगात नाश्त्याला कॉर्नफ्लेक्स माहीत व्हायच्या आधी! ती सिरियालीनची जुनी विटांची इमारत अजून उभी आहे, कमिन्स या इथल्या डिझेल इंजिनांच्या कंपनीच्या हेड ऑफिसच्या पोटात. १९८० च्या दशकात आर्किटेक्ट केव्हिन रोशने ते ऑफिस बांधताना ती पाडली नाही, तिच्याभोवती नवीन बांधलं.

कोर्टाची लाल विटांची इमारत १८७४ ची, आर्किटेक्ट आयझॅक हॉजसन, मनोऱ्यावर घड्याळ. नकाशावर दिशा सांगताना हीच खूण वापरणार, कारण डाउनटाउनमध्ये जवळपास कुठूनही मनोरा दिसतो आणि फोनची बॅटरी संपली तरी माणूस चुकणार नाही.

आणि जोसेफ अर्विन. कापडचोपड, किराणा असं सगळं विकणारं दुकान, दुकानात तिजोरी. लोकांनी विश्वासाने आपले पैसे त्याच्या तिजोरीत ठेवायला सुरुवात केली आणि १८७१ मध्ये त्यातून बँक झाली. पुढचं सगळं या एका घरातून निघतं म्हणून हे नाव पत्रकात हवंच.

२७ एप्रिल, रविवार

कमिन्सचं पान. हे लिहायला सगळ्यात मजा आली, कारण माझे बाबा कोथरूडच्या कारखान्यात असेंब्लीला होते आणि कंपनीचं नाव मी लहानपणापासून ऐकतेय, पण क्लेसी कमिन्स हा माणूस कोण होता हे मला इथे आल्यावर कळलं.

क्लेसी अर्विन घराण्याचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. कॉलेज वगैरे काही नाही, हाताने शिकलेला. बँकर डब्ल्यू. जी. अर्विन याने त्याला गॅरेजमध्ये खटपट करायला जागा दिली, पैसे दिले आणि ३ फेब्रुवारी १९१९ ला कंपनी सुरू झाली. सुरुवातीला हॉलंडच्या लायसन्सवरची शेतीसाठीची छोटी इंजिनं. ती सीअर्स या मोठ्या दुकानाच्या कॅटलॉगमधून विकली जायची, पसंत नसेल तर पैसे परत, तर शेतकरी हंगामभर वापरून परत पाठवायचे, आणि कंपनी बुडायला आली. तरी अर्विन पैसे घालत राहिला. १९२९ च्या नाताळच्या दिवशी क्लेसीने डिझेल इंजिन बसवलेली एक जुनी पॅकार्ड गाडी त्याच्या दारात आणली आणि त्याला फिरवून आणलं, तेव्हा कंपनी बंद करायचं घाटत होतं, त्या एका फेरफटक्यावर पुन्हा पैसे आले. पुढच्याच महिन्यात क्लेसी तीच गाडी घेऊन इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या ऑटो शोला गेला, तेलाचा खर्च सगळा मिळून १ डॉलर ३८ सेंट. १९३१ मध्ये इंडी ५०० या इंडियानापोलिसच्या मोटारींच्या शर्यतीत त्यांची डिझेल गाडी तेल भरायला एकदाही न थांबता पूर्ण ५०० मैल धावली. १९५२ मध्ये तर फ्रेड अगाबाशियनने कमिन्सच्या डिझेल गाडीतून सगळ्यात वेगवान पात्रता फेरी मारून पहिली जागा घेतली, शर्यतीत मात्र टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या भागाच्या, तोंडाशी कचरा अडकून गाडी बाहेर पडली.

नफ्याचं पहिलं वर्ष १९३७. म्हणजे अठरा वर्षं! मला हा आकडा पत्रकात ठळक हवाय. तोवर कंपनीत अर्विनचा नातू लागलेला होता, जे. अर्विन मिलर, म्हणजे खरं तर त्याच्या बहिणीचा नातू, येल आणि ऑक्सफर्डला शिकलेला, १९३४ मध्ये मॅनेजर म्हणून आला तेव्हा पंचविशीचा. गावाचं आजचं रूप त्याच्यामुळे आहे.

४ मे, रविवार

आज फिफ्थ स्ट्रीटची पाहणी. सगळं चालून बघितलं, कुठे सावली आहे, कुठे बाक आहे, कुठे फुटपाथ उतरता आहे हे वहीत लिहिलं. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला फर्स्ट ख्रिश्चन चर्च, लायब्ररी आणि अर्विन गार्डन ही तिन्ही एका जागी बसून दिसतात, ती जागा म्हणजे लायब्ररीसमोरचा विटांचा चौक.

चर्च १९४२ चं. एलिएल सारिनेन, फिनलंडहून आलेला आर्किटेक्ट. ते बघून आपल्याकडची मंडळी म्हणतील की हे चर्च कसं, ऑफिस वाटतंय, आणि तेव्हाही लोकांना तसंच वाटलं होतं. कमान नाही, रंगीत काचा नाहीत, सरळ चौकोनी विटांचं आणि चुनखडीच्या दगडाचं बांधकाम, बाजूला १६६ फुटांचा वेगळा उभा टॉवर. टॉवरवरचं घड्याळ मधोमध नाही, एका कडेला. आत भिंतीवरचा क्रॉसही मधोमध नाही. मी आत बराच वेळ बसले, उजेड एका बाजूने येतो, भिंत नुसती कोरी विटांची आणि नजर आपोआप त्या कडेच्या क्रॉसवर जाते. अमेरिकेत अशा नव्या पद्धतीची चर्चं जेमतेम सुरू होत होती, त्यातलं हे अगदी सुरुवातीचं. मिलरच्या घरचे लोक याच चर्चच्या मंडळीतले. आतल्या फर्निचरच्या कामात एलिएलचा मुलगा ईरो आणि डिझायनर चार्ल्स ईम्स दोघे होते. ईरो आणि मिलर यांची इथे झालेली ओळख पुढे जन्मभर टिकली आणि गावात चर्चनंतर जे घडलं ते त्या दोस्तीतून, हे मला पटलंय आणि पत्रकात तसंच लिहिणार.

समोर लायब्ररी, १९६९, आय. एम. पेई. पेईने नुसती इमारत दिली नाही, दोन रस्त्यांमधला लाफायेट अव्हेन्यूचा तुकडा बंद करायला लावला आणि तिथे मोकळा चौक केला. चौकात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची मोठी कमान, २० फूट उंच, १९७१ ची. मूरला ती अशी हवी होती की लोक खालून चालत जातील, आणि खरंच, उन्हाळ्यात लायब्ररीतून बाहेर पडणारी सगळी मुलं तिच्या पायातून पळत जातात. मराठी घरांसाठी ही लायब्ररी म्हणजे सगळ्यात रोजच्या वापरातली जागा, नातवंडांना गोष्टींच्या तासाला आणायचं काम आजी-आजोबांकडेच असतं. म्हणून फेरीचा मध्य इथेच ठेवला.

१७ मे, शनिवार

आज पत्रकाचं सगळ्यात महत्त्वाचं पान लिहिलं. नकाशावर यातलं एकही ठिकाण येत नाही, कारण शाळा डाउनटाउनच्या बाहेर आहेत, तरी आतलं पूर्ण पान यालाच देणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा कमी पडायला लागल्या आणि घाईघाईत जे बांधलं गेलं ते तकलादू होतं. मिलरचं म्हणणं असं की चांगले इंजिनियर या आडगावात यायचे असतील तर त्यांच्या मुलांना चांगली शाळा पाहिजे. तर कमिन्सच्या फाउंडेशनने १९५० च्या दशकात शाळा बोर्डापुढे प्रस्ताव ठेवला: आर्किटेक्टची फी आम्ही भरतो, अट एवढीच की आर्किटेक्ट आम्ही देऊ त्या यादीतून निवडायचा. यादी बाहेरच्या जाणकारांकडून करून घ्यायची, त्यातलं नाव बोर्डाने निवडायचं, डिझाईनमध्ये कंपनीने बोट घालायचं नाही. बांधकामाचा पैसा नेहमीसारखा लोकांच्या करातून. पहिली शाळा लिलियन श्मिट, हॅरी वीझची, १९५७. तिथून पुढे शाळांच्या पाठोपाठ फायर स्टेशन, सरकारी घरं, पोस्ट ऑफिस, सगळ्या सार्वजनिक इमारतींना ही सोय लागू झाली.

इथे थोडं थांबून लिहायचंय. फी म्हणजे एकूण खर्चाचा लहानसा भाग, पण तेवढा भाग वेगळा काढल्यामुळे स्वस्तातला आर्किटेक्ट शोधायचं कारणच उरलं नाही. गावाने पैसे तेवढेच घातले जेवढे नाहीतरी घालायचे होते. कंपनीने इमारत दान दिली असती तर ती कंपनीची झाली असती, वर पाटी लागली असती. इथे शाळा गावाची राहिली, बोर्डाची राहिली, मतदान करून बांधलेली. मला या गावातली सगळ्यात हुशार गोष्ट कोणती विचारलं तर मी कुठलीही इमारत सांगणार नाही, ही फीची पद्धत सांगेन. आपल्याकडे सीएसआरचा पैसा इतका येतो, एखाद्या झेडपीच्या शाळेसाठी कुणी फक्त चांगल्या आर्किटेक्टची फी भरली तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

फायर स्टेशन नंबर ४, रॉबर्ट वेंचुरी, १९६७ च्या सुमाराचं. साधी पेटीसारखी इमारत, रस्त्याकडच्या बाजूला पांढऱ्या चकचकीत विटा आणि वर मोठ्ठा ४. मधला गोलसर टॉवर शोभेचा नाही, आग विझवून आल्यावर ओले पाइप त्यात उभे लटकवून वाळवायचे. सासूबाईंचं पान तयार.

२५ मे, रविवार

अर्विन बँक आणि मिलरचं घर.

बँक १९५४ ची, ईरो सारिनेनची. तेव्हाच्या बँका म्हणजे दगडी खांब, जाड भिंती, गजाआड बसलेला कॅशियर. ईरोने काचेच्या भिंती दिल्या, कॅशियरपुढचे गज काढून टाकले, ठेंगणी एकमजली इमारत, सपाट छतावर नऊ घुमट, बाहेर बागा आखणाऱ्या डॅन काइलीने लावलेली झाडं. जोसेफ अर्विनच्या दुकानातल्या तिजोरीपासून निघालेली ही बँक सप्टेंबर २००९ मध्ये बुडाली, त्या मंदीत. नंतर इमारत कमिन्सकडे आली आणि तिथे मीटिंगा, ट्रेनिंग व्हायला लागली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथे बसून पॉवरपॉइंट बघितलेत आणि डोक्यावरचे घुमट कुणी बघितले नसतील, तर पत्रकात लिहिलंय: पुढच्या वेळी वर बघा.

मिलरचं घर १९५७ चं, ईरोने बांधलं, आतली सजावट अलेक्झांडर जिरार्डची, बाग काइलीची. नवरा, बायको आणि पाच मुलं यांचं राहतं घर. बैठकीच्या खोलीत मधोमध जमिनीत खाली उतरलेली चौकोनी बैठक आहे, पायऱ्या उतरून जायचं आणि चारी बाजूंनी गाद्या-उशा, त्यांची कव्हरं ऋतूप्रमाणे बदलायची. मिलरची बायको झेनिया २००८ मध्ये गेल्या, नंतर मुलांनी घर इंडियानापोलिसच्या आर्ट म्युझियमला दिलं आणि २०११ पासून बघायला खुलं झालं. घरापर्यंत आपलं आपण जाता येत नाही, व्हिजिटर्स सेंटरहून टूर निघते, तिकीट आधी काढावं लागतं. हे पत्रकात चौकटीत टाकलं, कारण दारापर्यंत जाऊन परत यायला लागलं तर म्हातारी माणसं हिरमुसतात.

मिलरबद्दल आणखी चार ओळी हव्यातच. १९६० मध्ये तो अमेरिकेतल्या चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष झाला, पाद्री नसलेला पहिलाच, आणि १९६३ च्या, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चाच्या उभारणीत परिषद उतरली ती त्याच्या काळात. मार्टिन लूथर किंग हे नाव आपल्या मंडळींना माहीत असतं, तिथून त्यांना मिलर लगेच जवळचा वाटेल.

७ जून, शनिवार

२००८ मध्ये आजच्याच तारखेला गावात पूर आला होता. आज मुद्दाम मिल रेस पार्क आणि हॉ क्रीकच्या बाजूने फिरले.

हॉ क्रीक एरवी इतका बारका ओढा की पुलावरून जाताना लक्षातही येत नाही. त्या दिवशी आधीच्या रात्रीपासूनच्या पावसाने तो फुगला आणि पाणी हॉस्पिटलात शिरलं. तळघरात वीज, लॅब, सगळी यंत्रणा, ती बुडाली, दीडशेहून जास्त पेशंट तिथून बाहेर काढावे लागले आणि हॉस्पिटल काही महिने बंद राहिलं. पेशंट सगळे सुखरूप निघाले. कमिन्सच्या टेक सेंटरमध्येही पाणी होतं. त्या वेळी इथे असलेल्या एका काकांशी आज बोलले, त्यांनी सांगितलं की ते लॅबमधून चिखल काढायला गेले होते, मॅनेजर आणि टेक्निशियन एकाच रांगेत बादल्या घेऊन.

उलट मिल रेस पार्क. नदीकाठची ही जागा पूर्वी कातडी कारखान्याची आणि गरिबांच्या झोपड्यांची, लोक तिला मरणाची दरी म्हणायचे. १९९२ मध्ये मायकल व्हॅन वाल्केनबर्गने त्याची बाग केली आणि पाणी येणार हे धरूनच केली. गोल तळं, मोकळं मैदान, लाल रंगाची छोटी बांधकामं स्टॅनले सैटोविट्झची. पूर येतो, बाग बुडते, पाणी उतरलं की धुऊन घेतात आणि परत चालू. टॉवर ८४ फुटांचा, वरून दोन नद्यांचा संगम दिसतो. संगमावर आपली मंडळी रमतात, हा अनुभव आहे, म्हणून टॉवर चढायचा नसेल त्यांच्यासाठी खालून नदीपर्यंतची वाटही नकाशावर दाखवली.

२२ जून, रविवार

नॉर्थ ख्रिश्चन चर्च. हे गावाच्या उत्तरेला, चालत जाण्यासारखं नाही, पण वगळणं शक्यच नव्हतं. ईरो सारिनेन १९६१ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी गेला, हे त्याचं शेवटचं डिझाईन, बांधून झालं १९६४ मध्ये. षटकोनी इमारत, छप्पर सहाही बाजूंनी उतरत जमिनीकडे आलेलं आणि मध्यातून १९२ फुटांचा बारीक सुळका, टोकाला क्रॉस. आत सगळे गोलाकार बसतात, वेदी मधोमध.

चर्चची मंडळी कमी होत गेली, एवढ्या मोठ्या छपराचा खर्च झेपेना आणि २०२२ मध्ये मंडळीच विसर्जित झाली. इमारत आता सार्वजनिक लायब्ररीकडे आलीय. मी पत्रकात हा भाग गाळायचा का असा प्रश्न आपल्या मराठी ग्रुपवर आला, कारण प्रवाशांना बंद पडलेल्या गोष्टी कशाला सांगायच्या. मी ठाम राहिले. वृत्तपत्राची इमारत घ्या, द रिपब्लिकची, १९७१, काचेची, रस्त्यावरून पिवळं छपाईयंत्र चालताना दिसायचं. पेपर तिथून हलला आणि आता तिथे इंडियाना युनिव्हर्सिटीची आर्किटेक्चरची मुलं शिकतात. बँकेचं झालंच आहे. फर्स्ट ख्रिश्चनच्या टॉवरच्या विटांना तडे गेले तेव्हा मंडळीने गावातून आणि बाहेरून निधी उभा केला आणि तो दुरुस्त केला. इमारत बांधून साठ-सत्तर वर्षं झाली की ती कोण वापरणार आणि कोण सांभाळणार हे गावाला नव्याने ठरवावं लागतं, आणि हे गाव ते ठरवतंय, एकेक करून, याच्यासारखी सांगण्याजोगी गोष्ट दुसरी कुठली. तीन ओळी वाढवल्या, गाळलं काही नाही.

८ जुलै, मंगळवार

ज्येष्ठ मंडळींबरोबर चाचणी फेरी. ऊन चढायच्या आत म्हणून सकाळी साडेआठला निघालो. बाबा पुण्याहून आलेत, तेही होते. मुद्दाम वर्किंग डे निवडला म्हणजे ऑफिसं, दुकानं उघडी.

कोर्टाशेजारी युद्धस्मारक आहे, १९९७ चं, ४० फूट उंच चुनखडीचे २५ खांब, दाट उभे. आतल्या खांबांवर सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रं कोरलीत. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना मराठीत सांगत सांगत वाचली, एक आजोबा सैन्यातून रिटायर झालेले, ते तिथून हलेनात, त्यामुळे या ठिकाणाला वेळ वाढवून ठेवला. कॉमन्स या डाउनटाउनमधल्या सार्वजनिक हॉलमध्ये एसी आहे म्हणून सगळे खूश. तिथे शिल्पकार जाँ तांगेलीचं सात टनांचं यंत्र आहे, केऑस वन, १९७४ पासूनचं, चाकं, दांडे, धातूचे गोळे गडगडत जातात, उपयोग काही नाही. एका मावशींनी विचारलं हे बनवतं काय, आणि काही बनवत नाही म्हटल्यावर त्या पाच मिनिटं तिथेच उभं राहून बघत होत्या.

मग कमिन्सचं हेड ऑफिस. लॉबीत एक अख्खं डिझेल इंजिन सुटं करून टांगलंय, रुडॉल्फ दे हाराकची रचना, प्रत्येक नट-बोल्ट आपापल्या जागेपासून थोडा लांब हवेत. बाबा पुढे झाले आणि बोट दाखवून सुरू केलं, हा क्रँकशाफ्ट, हा कनेक्टिंग रॉड, हे लायनर, हे बसवताना असं धरायचं. मग सगळेच त्यांच्याभोवती. कोथरूडमध्ये किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली १९६२ मध्ये, १९९७ मध्ये किर्लोस्करांचा हिस्सा कमिन्सने घेतला आणि नाव कमिन्स इंडिया झालं. बाबांनी दोन्ही नावांखाली नोकरी केली. "अगं, आमच्याकडे ड्रॉइंग यायची ना, त्यावर कोपऱ्यात कोलंबस लिहिलेलं असायचं," म्हणाले, "ते हे."

कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज, १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने कंपनीच्या मदतीने काढलेलं, फक्त मुलींचं इंजिनियरिंग कॉलेज, मी तिथलीच. हे सगळं पत्रकात आधी नव्हतं, मला वाटत होतं की कोलंबसच्या पत्रकात पुणं कशाला. आजची फेरी बघून शेवटच्या घडीवर कोथरूड, कर्वेनगर आणि फलटणच्या कारखान्यासाठी जागा केली.

शेवट झाहाराकोसमध्ये आइस्क्रीम. १९०० पासूनचं दुकान, ग्रीसहून आलेल्या भावांनी काढलेलं, आत संगमरवरी सोडा काउंटर, कोरीव लाकूडकाम आणि आपोआप वाजणारा जुना मोठा ऑर्गन. मध्ये बंद पडलं होतं, २००९ मध्ये दुरुस्त होऊन परत उघडलं. ऑर्गन चालू झाला तसे सगळे गप्प.

१९ जुलै, शनिवार

छपाईला फाइल गेली. पहिल्या प्रूफला जोडाक्षरं सुटी झालेली दिसली, स्टेशन, ख्रिश्चन, सगळे पाय मोडलेले शब्द. फाइल अक्षरांची चित्रं करून पाठवली आणि प्रश्न मिटला, पुढे कुणी मराठी छापणार असेल तर पहिल्यापासून असंच करा. अक्षर १३ पॉइंटच्या खाली कुठेही नाही. पत्रकं व्हिजिटर्स सेंटरमध्ये, लायब्ररीत आणि आपल्या दोन किराणा दुकानांत ठेवायची परवानगी मिळालीय.

आता शाळांचं वेगळं पत्रक, गाडीने फिरायचं. श्मिट, मग मॅकडॉवेल, १९६० ची, जिथे आता प्रौढांचे वर्ग भरतात, मग एडवर्ड लॅराबी बार्न्सची रिचर्ड्स, एलियट नॉइसची साउथसाइड, रिचर्ड मायरची क्लिफ्टी क्रीक. बाहेरूनच बघायचं, वर्ग चालू असताना आत सोडत नाहीत. त्यामुळे आतलं आपल्याला मुलांकडूनच घ्यावं लागेल. ज्यांची मुलं या शाळांमध्ये आहेत किंवा होती त्यांनी प्रत्येकी चार ओळी पाठवा, वर्गात उजेड कुठून येतो, डबा कुठे बसून खातात, पावसात रिसेसला कुठे खेळतात. मुलांनी इंग्रजीत सांगितलं तरी चालेल, मराठी मी करीन. ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आत हवंय.